पार्वतम्माच्या साडीचा रंग

टीव्हीवर आण्णांचा चेहरा आला आणि हॉलमधले सगळे आधी हसले, मग गप्प झाले.

लातूरला औसा रोडवर हे घर बांधताना संगमेशनं हौसेनं भिंतीएवढा टीव्ही घेतला होता. त्यावर आजवर बातम्या आणि तुरीचे भाव याखेरीज काही दिसलं नव्हतं. आज त्याच्या पुतणीनं, अक्षरानं, लॅपटॉप जोडून त्यावर त्याचे आईवडील आणले होते. साठ सालचे, उदगीरच्या स्टुडिओतले. आण्णा खुर्चीत, पार्वतम्मा शेजारी उभी, मध्ये तिपाईवर कागदी फुलं. जन्मभर काळ्यापांढऱ्या राहिलेल्या त्या जोडप्याला पहिल्यांदाच रंग चढला होता, आणि तो जरा जास्तच चढला होता. आण्णांचे ओठ कुणीतरी रंगवल्यासारखे लालभडक होते, डोक्याचा रुमाल गुलाबी झाला होता. पण हसू थांबलं ते वेगळ्याच कारणानं.

"इभूत कुठं गेली?" संगमेश म्हणाला.

आण्णांचं कपाळ स्वच्छ होतं. शेजारच्या मूळ फोटोत भस्माचे तीन पट्टे ठळक दिसत होते, इथं नुसतं कपाळ.

"मोठे बाबा, सॉफ्टवेअरला वाटलं ते चरे आहेत," अक्षरा म्हणाली. "जुन्या फोटोवरचे ओरखडे ते आपोआप पुसतं."

"लिंगायताच्या कपाळाची इभूत पुसतंय? कंच्या गावचं हाय म्हणावं ते?"

"अमेरिकेचं असेल."

"मग त्याला काय कळतंय," असं म्हणून संगमेशनं अमेरिकेचा विषय संपवला. "उद्या महाराजांच्या हातानं अनावरण हाय. पाचशे माणूस जेवायला हाय. बिन इभूतीचा बाप दाखवू का मी गावाला?"

सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले खुद्द बसवंतआण्णा, वय शहाऐंशी, मात्र खुशीत होते. "राहू दे रं," ते म्हणाले. "ओठ तरी काय झ्याक दिसायलेत माझे."

पार्वतम्माला जाऊन उद्या वर्ष होत होतं. पहिल्या पुण्यस्मरणासाठी सगळा गोतावळा लातुरात जमला होता. धाकटा श्रीशैल बायको मनिषाला घेऊन नांदेडहून आला होता. त्यांची अक्षरा तिथल्याच एका फोटो लॅबमध्ये काम करते, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. देवणीहून लेक जगदेवी आली होती, घरच्या गाईच्या दुधाचा कॅन घेऊन. फ्रेमवाल्यानं सांगितलं होतं, चार वाजेपर्यंत फाईल द्या, नाही तर उद्या रिकामी चौकट टांगा. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

अक्षरानं दहा मिनिटांत विभूती परत लावली, ओठ फिके केले, रुमाल पांढरा केला. मग तिनं अगदी सहज विचारलं, "आज्जीच्या साडीचा रंग कोणता टाकू?"

कुणीच बोललं नाही. या घरात मिठापासून मोक्षापर्यंत कशावरही तिघीचौघी एकदम बोलतात, त्यामुळे ती शांतता अक्षराला विचित्रच वाटली. थोरली काकू शिवकांता पंख्याकडे बघत होती. आई मनिषा नखं बघत होती. जगदेवी आत्यानं दुधाच्या कॅनचं झाकण उगाच काढून परत लावलं.

"मामान्लाच इचार की," शिवकांता म्हणाली. "त्येंच्याच तर बाजूला हुबारलेत आत्याबाई."

"हाव, आण्णालाच इचार," जगदेवी म्हणाली.

सगळ्यांनी सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आण्णांनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, धोतराच्या टोकानं पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी खिशात टाकली.

"काय म्हणलीस माय?" ते म्हणाले. "ऐकूच येईना गेलंय," आणि काठी टेकत आपल्या खोलीत निघून गेले.

*

शिवकांतानं अक्षराला स्वयंपाकघरात ओढलं ते कोथिंबीर निवडायच्या निमित्तानं.

"हिरवी," ती कुजबुजली.

"काय हिरवी, मोठ्याई?"

"साडी गं. इरकल होती, हिरवीगार. मला ठाव हाय. कसं ते इचारू नगंस."

अक्षरानं विचारलं नाही, म्हणून शिवकांतानंच सांगितलं. तेराव्यानंतर मामांनी तिला एकटीला बोलावलं, ट्रंकेतून हिरवं इरकल काढून हातात दिलं आणि म्हणाले, फोटोतली साडी हीच. घरात थोरली तू, तुझा मान. बाकीच्यांना बोलू नको, उगं जीव दुखंल.

बत्तीस वर्षं शिवकांतानं या घरात भाकरी थापल्या होत्या. सासूनं कधी वाईट म्हटलं नाही, पण चांगलंही म्हटलं नाही. पार्वतम्माचा स्वभावच तसा होता. ती कौतुक मनातल्या मनात करायची आणि तिथंच ठेवायची. ती साडी हातात आली तेव्हा शिवकांता न्हाणीत जाऊन रडली होती. बत्तीस वर्षांचा निकाल लागला होता आणि ती पास झाली होती. उद्या ती तीच साडी नेसणार होती. मागं भिंतीवर फोटो, पुढं ती, आणि पाचशे माणसं बघणार.

"म्हणून म्हणते, हिरवाच रंग टाक," ती म्हणाली. "बाकी तुझी मर्जी."

अक्षरा बाहेर आली तर जिन्यात तिची स्वतःची आई उभी.

"काय म्हणाली अक्का?"

"कोथिंबीर."

"जांभळा टाक," मनिषा म्हणाली. तिचीही हकिगत साधारण तशीच होती, फक्त ट्रंकेऐवजी पिशवी होती, आणि थोरलीच्या मानाऐवजी धाकटीची माया. "धाकटी म्हणून तुला कुणी काही देत न्हाई, असं म्हणाले मामा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि हे बघ, मी तुझी आई आहे. इतकं तरी करशील का न्हाई?"

जगदेवी आत्यानं तर वाटाघाटी केल्याच नाहीत. गच्चीवर पापड बघायला नेऊन तिनं मोबाइल पुढं धरला. त्यात एका डाळिंबी साडीचा फोटो होता.

"आईची साडी लेकीलाच जाती," ती म्हणाली. "रीतच हाय. आण्णानं दिली मला. म्हणले, तुझ्या वैनीला कळू देऊ नगंस. आता तूच सांग, कशाला कळू देईन मी?"

अक्षरानं हिशेब जुळवला. एक फोटो, एक साडी, तीन रंग. आणि तिन्ही ठिकाणी एकच म्हातारा, एकच शपथ. तिला हसू आवरेना. खाली येताना ती दोन पायऱ्यांवर बसून तोंड दाबून हसली. मग तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट तितकीशी हसण्यासारखी नाही.

आत्या आणि मोठ्याई अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आत्याच्या मुलीच्या लग्नात मोठ्याईनं आहेराला नेलेलं पातळ आत्यानं "हे तर बोहारणीला द्यायचं" म्हणून परत पाठवलं होतं. अकरा वर्षं दिवाळी नाही, पंचमी नाही. आज्जी दवाखान्यात होती तेव्हा उशापायथ्याशी बसून बसून दोघींना बोलावं लागलं. आज्जीनं जाता जाता एवढं एक काम करून ठेवलं होतं. ते पुन्हा एका साडीवरून मोडणार, असं दिसत होतं.

*

"आज्जा, मशीन घाला कानात."

"ऐकू येईना मला."

"शेंगदाण्याचा लाडू खाणार?"

"आण," आण्णा म्हणाले, आणि पकडले गेले.

त्यांनी निमूट मशीन घातलं. अक्षरा कॉटवर त्यांच्याशेजारी बसली. "हिरवी, जांभळी, डाळिंबी," ती बोटांवर मोजत म्हणाली. "अजून कुणाला दिलीय? भांडीवाल्या कोंडाबाईंना?"

"तिला लुगडं दिलं, साधं. फोटोतलं म्हणलो न्हाई." आण्णांनी दाराकडं नजर टाकली. "येवढा आरडू नगंस. तुझं ते अमेरिकेचं बिघडलं म्हण ना. लाइट गेली म्हण."

"मोठे बाबा इन्व्हर्टर लावतात."

"मग काळी साडी रंगव."

"पुण्यस्मरणाला? काळी?"

काळ्यापांढऱ्या फोटोनं पासष्ट वर्षं आण्णांची बाजू सांभाळली होती. त्या करड्या रंगात हिरवा, जांभळा, डाळिंबी सगळे एकसारखे दिसतात, कुणाच्याही बापाला ओळखू येत नाहीत. त्याच भरवशावर त्यांनी तीन बायकांना तीन साड्या वाटल्या आणि एक वर्ष सुखानं काढलं. नातीच्या हाती रंगाची पेटी येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"खरी कोणती त्यातली?" अक्षरानं विचारलं. "मला एकटीला सांगा. तीच टाकते, आणि नाव सॉफ्टवेअरचं घेते."

आण्णांनी तिच्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हॉलमधून शिवकांताचा आवाज आला.

"डाळिंबी? कंची डाळिंबी?"

"झालं," आण्णा म्हणाले, आणि त्यांचा हात पुन्हा मशीनकडं गेला. अक्षरानं तो धरला.

*

झालं होतं एवढंच, की जगदेवीला राहवलं नाही. जेवणाची पानं मांडता मांडता ती म्हणाली, उद्या मी डाळिंबी नेसणार, आईच्या फोटोतली. ते ऐकून शिवकांता आत गेली आणि हिरवं इरकल आणून टीपॉयवर ठेवलं. दोघींची नजर एकमेकींवरून हटेना. मनिषा खरं तर गंमत बघत बसणार होती, पण दोघींपैकी कुणीतरी जिंकेल या धास्तीनं तिनंही बॅगेतून जांभळी काढली. जगदेवीची डाळिंबी पिशवीतच होती. ती तिनं सगळ्यात वर ठेवली.

"वन्सं, ही बाजारातनं आणली असंल तुमी," शिवकांता म्हणाली.

"मी बाजारातली आणीन? माझ्या आईची म्हणून?"

"अक्का बरोबर बोलायल्यात," मनिषा थोरलीच्या बाजूला सरकली. "तुम्हाला आहेर परत पाठवायची सवय आहे, घ्यायची कुठंय?"

"बास! ते अकरा वरसाचं काढू नगा!" जगदेवीचा आवाज चढला. मग तिनं जांभळ्या साडीकडं पाहिलं. "आन् वैनी, ही तुमची सख्खी जाऊ तुमच्या बाजूनं बोलायली, तर तिची साडी इथं कशाला आलीय, इचारा की तिला."

शिवकांतानं विचारलं. मनिषा पुन्हा एकटी पडली.

श्रीशैल भावाच्या कानात म्हणाला, "दादा, तू बोल काहीतरी."

"तूच बोल. तुझी पोरगी, तुझं सॉफ्टवेअर."

"घर तुझं आहे."

"चहा करा गं कुणीतरी," संगमेश मोठ्यानं म्हणाला. तिघींनी त्याच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की तो स्वतःच स्वयंपाकघरात गेला.

"तुम्हाला कुणी दिली?" शिवकांतानं शेवटी सरळ विचारलं.

"आण्णानं. तुमाला?"

"मामांनी."

"मला पण," मनिषा म्हणाली.

तिघी हळूहळू वळल्या. खोलीच्या दारात आण्णा उभे होते, एक हात काठीवर, दुसरा अक्षराच्या मुठीत.

"मामा," शिवकांता म्हणाली, "मशीन हाय ना कानात?"

"हाय माय."

"मग सांगा. कुणाची खरी?"

आण्णा येऊन सोफ्यावर बसले. त्यांना तहान लागली, पाणी झालं. पाठ दुखायला लागली, उशी झाली. मग कुणी काही आणेना.

अक्षरालाच त्यांची दया आली. "थांबा," ती म्हणाली, "रंग कळत नाही, पण काठ कळेल." तिनं टीव्हीवर मूळ फोटो मोठा केला. पार्वतम्माचा खांदा, पदर, मग नुसता काठ. रुंद काठ, त्यावर ओळीनं टोकदार नक्षी. तिघी साड्या घेऊन टीव्हीला जवळजवळ चिकटल्या. हिरवीचा काठ बारीक निघाला. जांभळीवर रुद्राक्षासारखे गोल ठिपके होते. डाळिंबीचा काठ रुंद होता, जगदेवीनं क्षणभर श्वास रोखला, पण त्यावर नक्षीच नव्हती, नुसते उभे पट्टे.

"म्हंजे तिन्ही खोट्या?" जगदेवी म्हणाली.

"तिन्ही?" हे आण्णा म्हणाले, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात खचलेला होता. "एक तर खरी असंल वाटलं होतं मला."

"म्हंजे तुमालाच ठाव न्हाई?"

"न्हाई."

"पासष्ट वरसं फोटो भिंतीवर हाय!"

"हाय की. पर त्यात रंग कुठंय?"

कुणाला हसू येईना. शिवकांता खाली बसली, हिरव्या साडीची घडी मांडीवर घेऊन. तिचा निकाल कुणीतरी परत मागून घेतला होता.

"मामा, येवढं कशाला फशिवलं आमाला?" ती म्हणाली.

आण्णांनी दोन वेळा घसा साफ केला.

"ट्रंक उघडली तवा तीन जुनी इरकलं निघाली," ते म्हणाले. "मी तिन्ही म्होरं घिऊन बसलो. फोटो बी मांडीवर. म्हणलं, आता आठवंल, मग आठवंल. दोन दिस बसलो. काईच आठवंना. मग वाटलं, तुमच्यातल्या कुणा एकीला सांगावं तर दोघी खट्टू होत्याल. तिघींनाबी सांगितलं, म्हणलं एकीला तरी खरं बोलल्यागत होईल."

"पण आण्णा, तू शेजारीच बसला होतास," जगदेवी म्हणाली. "हाताला साडी लागायली असंल."

"लागायली होती." आण्णा टीव्हीकडं बघत होते. "पर तवा बायकुकडं बघायची सोय कुठं होती बाई? घरात एकोणीस माणूस. मोठ्यांसमोर तिच्याकडं नजर टाकली तर आमचे वडील, आप्पा, दोन दिस टोमणं मारायचे. वाटंनं ती चार पावलं मागं. मला तिची जोडवी वळखू यायची, बांगडीचा आवाज वळखू यायचा. उदगीरला गेलो त्या दिशी आप्पा बी संगं. फोटोवाल्याच्या शेजारीच हुबे, हातात छत्री. फोटोवाला म्हणला, हिकडं बघा. मी तिकडंच बघिटलो. ती कशी दिसायली, काय नेसली, मी बघिटलोच न्हाई. पंधरा दिसांनी फोटो आला तवा बघिटलो, तर हा असा."

स्वयंपाकघराच्या दारात संगमेश चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो तसाच उभा राहिला.

"मग नंतर इचारायचं की आईला," जगदेवी म्हणाली, पण आता हळू.

"इचारणारच होतो. ती हायच की घरात, इचारू कवाबी, असं वाटायचं." आण्णांनी धोतराच्या टोकानं नाक पुसलं. "आन् एक दिस ती घरात नव्हती."

मग जगदेवी उठून शिवकांताजवळ जाऊन बसली. तिनं हिरव्या साडीचा पदर हातात घेऊन चाचपला.

"वैनी, ही आई नागपंचमीला नेसायची," ती म्हणाली. "फोटोतली नसंल, पर ही तिची लई आवडीची. मला मागूनबी दिली न्हाई तिनं."

शिवकांतानं डोळे पुसले. "खरं सांगायलाव का मामासारखं?"

"आईची आन."

"आणि ती खरी? फोटोतली?" मनिषानं विचारलं.

"फाटून वाकळ झाली असंल तिची," जगदेवी म्हणाली. "नाहीतर झोळी. झोपला असंल त्यात आमच्यातलाच कुणीतरी." ती एकदम हसायला लागली. शिवकांताही हसली, रडता रडता. संगमेशला वाटलं आता ट्रे खाली ठेवायला हरकत नाही.

"सव्वातीन," अक्षरा म्हणाली. "रंग सांगा कुणीतरी. मी आता काहीही टाकीन."

तिघींची पुन्हा सुरुवात झाली. हिरवा बरा, नाही गं, आईला डाळिंबी खुलायचा, मग काठ तरी जांभळा घ्या. पण या भांडणात आता धार नव्हती, आणि मनिषा चक्क चहा गाळता गाळता भांडत होती.

"तुमी तिघी काय ते ठरवा," आण्णा म्हणाले. त्यांनी अक्षराला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. पण कानाला मशीन लावणाऱ्या माणसाचा खाली आणलेला आवाज सगळ्या हॉलला ऐकू जातो. "अक्षरा, त्या अमेरिकेच्याला रंगच येतो का दुसरं बी काय येतं?"

"काय पाहिजे, आज्जा?"

"माझी मान जरा तिच्याकडं वळवता येती का बघ."

भांडण थांबलं. अक्षरानं मान हलवली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि काम सुरू केलं. टीव्हीवर एकवीस वर्षांचा बसवंत समोरची नजर सोडून किंचित बाजूला बघायला लागला.

"बास, बास," आण्णा घाईघाईनं म्हणाले. "येवढीच ऱ्हाऊ दे. समोर आप्पा हायत."